जमिनीखाली गेलेली नदी

आज आम्ही तुम्हाला रशियातल्या मॉस्को शहरातल्या एका छोट्या नदीची गोष्ट सांगणार आहोत. तिचं नाव नेग्लिन्नाया. लांबी जेमतेम साडेसात किलोमीटर. आज मॉस्कोत गेलात, तर ती तुम्हाला दिसणार नाही. ती रस्त्याखालून वाहते.

मॉस्कोचा प्रसिद्ध किल्ला क्रेमलिन. तो ज्या टेकडीवर आहे, तिच्या एका बाजूला मोठी मॉस्कवा नदी आणि दुसऱ्या बाजूला ही नेग्लिन्नाया. शत्रूला अडवायला तिच्या पाण्याचा उपयोग व्हायचा. १६ व्या शतकात क्रेमलिनच्या तिसऱ्या बाजूला खंदक खणला, त्यातही हिचंच पाणी सोडलं. तिच्यावर बांध घालून तळी केली, पाण्यावर पिठाच्या चक्क्या चालवल्या. काठावर तोफा ओतण्याचा कारखाना होता. १५८६ साली तिथेच प्रचंड मोठी ‘झार तोफ’ ओतली गेली. जवळच लोहारांची वस्ती होती. तिथला रस्ता आजही ‘लोहारांचा पूल’ याच नावाने ओळखला जातो. पूल मात्र दिसत नाही.

म्हणजे या नदीने शहर राखलं आणि कारागिरांना कामही दिलं. शहराने तिला काय दिलं? कचरा आणि सांडपाणी. पाणी घाण झालं, वास सुटला. १८१२ च्या मोठ्या आगीनंतर शहर नव्याने बांधताना, १८१७ ते १८१९ या काळात नदीवर विटांची कमान बांधून ती झाकून टाकली. क्रेमलिनच्या भिंतीलगत तिच्यावर सुंदर बाग केली.

सगळ्यांना वाटलं, प्रश्न मिटला. पण झाकलेल्या नदीत घरमालकांनी चोरून आपापल्या मोऱ्या सोडल्या. आत गाळ साचला. मोठा पाऊस आला की पाणी वर उसळून रस्त्यावर यायचं. १८८० च्या दशकात गिल्यारोव्स्की नावाचे पत्रकार त्या अंधाऱ्या बोगद्यात स्वतः उतरले आणि आतली घाण त्यांनी लिहून लोकांपुढे मांडली. शहराची खरी गटारव्यवस्था १८९८ मध्ये सुरू झाली. तरीही पूर थांबले नाहीत. १९६० आणि ७० च्या दशकांतही तिथले रस्ते पाण्याखाली जात होते. शेवटी नवे, रुंद बोगदे खणावे लागले.

आता गंमत ऐका. १९९० च्या दशकात बागेशेजारी कारंजी लावून एक शोभेचा प्रवाह केला. लोक त्यालाच नेग्लिन्नाया समजून फोटो काढतात. खरी नदी मात्र अजून जमिनीखालीच आहे.

ही गोष्ट आम्ही गटाच्या बैठकीत सांगितली, तेव्हा सगळ्या क्षणभर गप्प झाल्या. मग एक मावशी म्हणाल्या, “अगं, घाण झाकली म्हणून ती जाते का?” मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत तुम्हीही एवढंच विचारा: आपल्या मोरीचं पाणी शेवटी जातं कुठे? उत्तर शोधायला सगळ्याजणी मिळून ओढ्यापर्यंत चालत जा.