रेड : संगणकीय तबकडी-समूह

अनेक तबकड्या जोडून त्यांचा एकच साठा म्हणून उपयोग करण्याची आणि त्यांपैकी एखादी निकामी झाली, तरी माहिती वाचविण्याची पद्धती. अशा समूहातून सर्व्हरला जो एकसंध साठा दिसतो, त्यास आभासी तबकडी म्हणतात. प्रत्यक्षात तिचे भाग निरनिराळ्या तबकड्यांवर विखुरलेले असतात.

इतिहास : आयबीएम कंपनीने १९५६ मध्ये ३५० रॅमॅक हे पहिले व्यापारी तबकडी-साठवण यंत्र प्रसृत केले. त्यात सु. ६१ सेंमी. व्यासाच्या ५० तबकड्या असून क्षमता ५० लाख वर्णांची होती. पुढील तीन दशके मोठ्या संगणकांसाठी अवजड व महाग यंत्रेच प्रचारात राहिली. निकामी घटकातील माहिती उरलेल्या घटकांवरून परत मिळविण्याच्या पद्धतीचे अमेरिकन एकस्व आयबीएममधील नॉर्मन केन ऊची यांना १९७८ मध्ये मिळाले. वैयक्तिक संगणकांच्या प्रसाराने लहान तबकड्या स्वस्त झाल्यावर बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन व रँडी कॅट्झ यांनी १९८८ मध्ये एका निबंधात एका मोठ्या यंत्राऐवजी अनेक लहान तबकड्या वापराव्यात, असे मांडले. यातील धोकाही त्यांनी दाखवून दिला. एक तबकडी सरासरी ३०,००० तास टिकत असेल, तर १०० तबकड्यांच्या समूहात सरासरी ३०० तासांत, म्हणजे दोन आठवड्यांच्या आतच, एक तरी बंद पडेल. म्हणून जादा माहिती साठविणे अपरिहार्य ठरले. निबंधात अशा रचनेचे पाच स्तर वर्णिले होते. शून्य व सहा हे स्तर नंतर रूढ झाले.

कार्यपद्धती : पहिल्या स्तरात प्रत्येक माहितीची हुबेहूब प्रत दुसऱ्या तबकडीवर ठेवतात. पाचव्या स्तरात समता-अंक वापरतात. तीन तबकड्यांवर अनुक्रमे १, ० व १ हे अंक असल्यास बेरीज सम राहावी म्हणून चौथीवर ० लिहितात. दुसरी तबकडी गेली, तर उरलेल्या अंकांवरून तिचा अंक ० होता, हे कळते. शून्य स्तरात मात्र असे संरक्षण मुळीच नसते.

निर्मितीतील अडचणी : आभासी तबकडी तयार होत नसल्यास प्रथम तबकड्यांची संख्या पाहावी, पाचव्या स्तरास किमान तीन, तर सहाव्यास सामान्यतः चार लागतात. भिन्न जोडणीच्या वा भिन्न खंड-आकाराच्या (५१२ व ४,०९६ बाइट) तबकड्या एकत्र घेण्यास अनेक नियंत्रक नकार देतात. राखीव म्हणून नेमलेली तबकडीही उपलब्ध दिसत नाही.

सर्वांत नाजूक अडचण जुन्या रचनेची होय. समूहाची मांडणी तबकड्यांवरच नोंदलेली असते. दुसऱ्या सर्व्हरमधून आलेल्या तबकडीवर अशी नोंद आढळताच नियंत्रक ती परकी ठरवितो व नव्या रचनेत तिला घेत नाही. बंद पडलेल्या समूहाची अलिखित माहिती नियंत्रकाच्या स्मृतीत अडकून राहिल्यासही नवी निर्मिती थांबते. हे अडथळे दोषासारखे वाटले, तरी पुष्कळदा ते जुन्या माहितीचे रक्षक असतात. परकी रचना आयात केल्यास जुना समूह परत मिळू शकतो. ती पुसून नवा समूह आरंभित केल्यास माहिती गमावण्याची वेळ येते. म्हणून तबकड्यांचा क्रम लिहून ठेवणे, त्या कोठून आल्या याची खात्री करणे व प्रत काढणे, हे पुसण्यापूर्वीचे काम होय.

महत्त्व : महाराष्ट्रात २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचे सातबारा उतारे संकेतस्थळावरून मिळू लागले. परभणी जिल्ह्यातील पेडगावसारख्या गावच्या शेतकऱ्याला पीककर्जासाठी लागणारा उतारा अशा रीतीने दूरच्या सर्व्हरवरील साठ्यावर अवलंबून झाला. तलाठ्याच्या दप्तरातील वही वाळवीने खाल्ली, तर ते डोळ्यांना दिसे. तबकडीवरील नोंद एका चुकीच्या आज्ञेने निमूटपणे नाहीशी होते. रेड तबकडीच्या बिघाडापासून वाचवितो, माणसाच्या चुकीपासून नाही. कारण चुकून पुसलेली नोंद सर्व प्रतींतून एकाच वेळी पुसली जाते. यास्तव अन्यत्र ठेवलेल्या स्वतंत्र प्रतीची जागा तो घेऊ शकत नाही.