राणीच्या बागेतला बाक

भायखळ्याच्या राणीच्या बागेचा इतिहास सांगायला मी काही इतिहासकार नव्हे. मॅट्रिकपुढे माझी मजल गेली नाही. शाळेत मुलांना शिकवावे आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहाव्यात, एवढाच माझा अधिकार. पण या बागेचे आमच्या घरावर ऋण आहे, आणि ऋणकोने सावकाराची वंशावळ जाणून घेतलेली बरी.

कावसजी दावर यांची गिरणी मुंबईत १८५६ साली सुरू झाली आणि १८६२ च्या नोव्हेंबरात लेडी फ्रिअर यांच्या हस्ते ही बाग खुली झाली. म्हणजे धुराडे आणि बाग ही जवळजवळ पाठची भावंडे! अर्थात बाग लावणाऱ्या संस्थेचे लक्ष झाडांवर होते, मजुरांवर नव्हे. १८७३ साली ती नगरपालिकेकडे आली. आज तिचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे. लालबाग-परळच्या तोंडी मात्र राणीची बागच.

विलायतेत हा विचार आधी झाला होता. दाटीवाटीच्या गावांतील श्रमिकांना मोकळ्या हवेत फिरायला जागा उरलेली नाही, असा अहवाल पार्लमेंटच्या एका समितीने १८३३ साली दिला. पुढे १८४० मध्ये डर्बी गावच्या जोसेफ स्ट्रट यांनी, जे स्वतः गिरणीमालक होते, लाउडन या उद्यानतज्ज्ञाकडून एक वृक्षोद्यान आखून घेऊन गावाला दिले. आठवड्यातून दोन दिवस विनामूल्य प्रवेश, त्यांतला एक रविवार. उदारपणाही वार पाहून केलेला! असो.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी अगदी लहान होतो. वडील साचेखात्यात होते. संप संपल्याचे कुणी कधी जाहीर केले नाही आणि त्यांची गिरणीही पुन्हा उघडली नाही. तरीही ते पहिल्या पाळीच्या वेळेला उठत, आई डबा भरून देई, आणि ते चालत भायखळ्याला जात. बागेचे फाटक उघडेपर्यंत बाहेर उभे राहत. मग गोरखचिंचेजवळचा एक बाक. हत्तीच्या पायासारखा तिचा बुंधा. मी सुटीत बरोबर जाई तेव्हा तोच कवटाळत असे. वडील काही बोलत नसत. डबा मात्र सगळा संपवत. घरी त्यांना अन्न जात नसे, हे मला फार उशिरा कळले. मनाचा आजार हा शब्द आमच्या चाळीत नव्हता. ‘डोक्यात घेतलंय’ म्हणत, आणि त्याला औषध नाही असे समजत.

रॉजर उलरिच या अमेरिकन अभ्यासकाचा एक छोटा लेख १९८४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांची टिपणे त्याने तपासली. निम्म्यांच्या खिडकीतून झाडे दिसत, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडेवाले लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनेची कडक औषधे कमी लागली. शिवाय या गृहस्थाने झाडांना पालवी असते त्याच महिन्यांतले रुग्ण घेतले होते. ही गोष्ट मला विशेष आवडली. निष्पर्ण झाडाच्या खात्यावर त्याने फुकटचे पुण्य जमा केले नाही. हा लेख एका स्नेह्याने मला समजावून सांगितला तेव्हा मला आमचा बुधवार आठवला.

बुधवारी बाग बंद असते. त्या दिवशी वडील घरीच, भिंतीकडे तोंड करून पडलेले. आई स्टोव्हसुद्धा हळू पेटवी. आम्ही भावंडे दिवसभर गॅलरीत.

पुढे त्यांना एका इमारतीवर पहारेकऱ्याची नोकरी मिळाली. साप्ताहिक सुटी कोणत्या वारी हवी, असे मुकादमाने विचारले. वडील म्हणाले, “बुधवार सोडून कुठलीही द्या.”