ग्रॅनाइटचे वय आणि कथिलाच्या शिरा

देवळातील घंटेच्या काशात सुमारे पाचवा हिस्सा कथील असते; बाकीचे तांबे. हे कथील निसर्गात बहुधा ग्रॅनाइटच्या आश्रयाने सापडते. तो ग्रॅनाइट व त्यालगतच्या धातूंच्या शिरा कशा झाल्या, या प्रश्नावर अठराव्या शतकाअखेर युरोपातील विद्वानांत दुफळी माजली होती. सॅक्सनीतील फ्रायबर्गच्या खनिविद्यालयात 1775 पासून शिकविणारा अब्राहाम वेर्नर म्हणे की, ग्रॅनाइट हा आदिसमुद्रातून सर्वांआधी साचलेला खडक, आणि शिरा म्हणजे वरून आलेल्या पाण्याने भरलेल्या भेगा. एडिंबरोच्या जेम्स हटनला हे पटेना. 1785 साली स्कॉटलंडातील ग्लेन टिल्ट येथे तांबड्या ग्रॅनाइटचे फाटे जुन्या थरांत घुसलेले त्याने पाहिले. जो घुसला तो धाकटा, आणि घुसतेवेळी तो वितळलेला असला पाहिजे, हे त्याचे अनुमान पुढे मान्य झाले. तथापि वेर्नरला सर्वस्वी खोटा ठरविणे अन्यायाचे होईल. शिरा भरण्याचे काम पाण्याचेच. मात्र पुष्कळदा ते खालून चढणारे आणि तप्त.

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमध्ये, हे चांगले दिसते. ग्रॅनाइटचा शिलारस थिजू लागला की स्फटिकांत सहजी न सामावणारे कथील उरलेल्या रसात व त्यातून सुटणाऱ्या पाण्यात साठत जाते. ते पाणी भेगांतून चढून निवले म्हणजे कथिलाचे धातुक मागे राहते. डॉलकोथच्या खाणीत वर तांबे निघाले, खोल गेल्यावर कथील. कथिलाच्या साधारण पूर्वपश्चिम शिरांना दक्षिणोत्तर शिरा छेदून जातात, हेही खाणकामगारांना ठाऊक होते. अर्थात छेदणाऱ्या मागाहूनच्या. पण किती मागाहून?

युरेनियमचे शिसे आणि पोटॅशियमचा आर्गॉन ठराविक वेगाने होतो. या घड्याळावरून विसाव्या शतकात उत्तर मिळाले. तेथील ग्रॅनाइट एकदम वर आला नाही. सुमारे 29 कोटी 30 लक्ष ते 27 कोटी 40 लक्ष वर्षांपूर्वी तो टप्प्याटप्प्याने आला. मुख्य कथील त्या त्या ग्रॅनाइटच्या मागोमाग, काही दशलक्ष वर्षांत आले. टेमर नदीच्या खोऱ्यातील शिसे-जस्ताच्या दक्षिणोत्तर शिरांचे वय मात्र सुमारे 23 कोटी 60 लक्ष वर्षे निघाले. ग्रॅनाइट केव्हाच थिजला होता. त्या शिरा भरणारे खारे पाणी आसपासच्या गाळाच्या खोऱ्यांतून आले असावे, असे मानतात.