खचलेले महानायक : कोल्हापूरकर कादंबरीकारांच्या तीन कृती

स्वातंत्र्योत्तर मराठी कादंबरीने पुराणेतिहासातील महापुरुषांना देव्हाऱ्यातून खाली उतरविले, हे विधान खरे असले तरी फार सैलपणे केले जाते. वि. स. खांडेकरांची 'ययाति' (१९५९), रणजित देसाईंची 'स्वामी' (१९६२) आणि शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' (१९६७) या तिन्ही कृती कोल्हापूर परिसराशी निगडित लेखकांच्या. तिन्हींचे नायक खचलेले आहेत. परंतु त्यांच्या खचण्याची जात एक नाही.

'स्वामी'तील माधवरावांचे वैगुण्य देहाचे आहे. १७७२ साली थेऊरला क्षयाने ऐन तारुण्यात मरण पावलेला हा पेशवा रोगामुळे अधिकच उजळून निघतो. त्याच्या नीतिमत्तेला ओरखडाही उठत नाही.

कर्णाचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. महाभारतातील कर्ण द्यूतसभेत द्रौपदीला 'बंधकी' म्हणतो, तिच्या वस्त्रहरणाची आज्ञा देतो. अभिमन्यूचे धनुष्यही तोच तोडतो. शिवाय स्वयंवरात द्रौपदीने त्याला 'सूत' म्हणून अव्हेरल्याचा लोकप्रिय प्रसंग १९६६ साली पूर्णत्वास गेलेल्या भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीच्या संहितेत नाही. म्हणजे अपमानाचा आधार डळमळीत, अपराध मात्र पक्का. सावंतांची सहानुभूती अपमानाच्या बाजूची आहे. १९०२ साली शाहू छत्रपतींनी मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवलेल्या संस्थानाच्या या भूमीत जन्मावरून नाकारलेल्या वीराची व्यथा वाचकाला आपली वाटली असेल, तर त्यात नवल नाही (केवळ भाषेच्या अलंकरणाने ती लोकप्रियता उलगडत नाही). परंतु कादंबरीत सहा निवेदक असूनही द्रौपदीला निवेदनाचा अधिकार नाही. कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, कृष्ण हे सारे बोलतात. जिचा अपराध झाला ती बोलत नाही. त्यामुळे नायक जखमी दिसतो, आरोपी दिसत नाही.

या कसोटीवर आधीची 'ययाति' पुढे जाते. तेथे ययातीबरोबरच देवयानी आणि शर्मिष्ठा स्वतःच्या तोंडाने बोलतात, आणि राजाच्या आत्मसमर्थनाला त्याच्याच ग्रंथात साक्षीदार उभे राहतात. वासनेच्या समर्थनार्थ मन किती कारणे रचते, हे खांडेकर निर्भीडपणे दाखवितात. मात्र हा निर्भीडपणा त्यांना अखेरपर्यंत पेलत नाही. महाभारतात देवयानीला नाकारून स्वर्गी परतणारा कच येथे संयमाचा आदर्श म्हणून कादंबरीभर वावरतो, आणि दोषाचे उत्तर वाचकाच्या हाती आयते ठेवले जाते.

१९६१ साली गिरीश कार्नाडांनी याच आख्यानावर कन्नड नाटक लिहिले. त्यात असा आधार नाही. पुरूची पत्नी चित्रलेखा आत्मघात करते, आणि त्यानंतरच ययाती आपले वार्धक्य परत मागून घेतो.