गोव्यातील बालधर्मशिक्षण आणि घरची बोली : १५४२ ते १७४५

फादर स्टीफन्सचे नाव आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते ते बहुधा मराठीची थोरवी गाणाऱ्या काही ओव्यांमुळे. त्या ओव्या पाठ होतात, आणि मग ग्रंथ बाजूस ठेवला जातो. ‘ख्रिस्तपुराण’ कोणत्या प्रसंगी आणि कोणासाठी रचले गेले, याचा विचार क्वचितच होतो. त्या पुराणाच्या आरंभीचा प्रसंग मात्र लक्षात ठेवण्याजोगा आहे. सासष्टीतील (गोव्यातील सासष्टी, मुंबईजवळची नव्हे) एका देवळात रविवारी तिसऱ्या प्रहरी मुलांची धर्मशिकवण चालू असता एक ब्राह्मण पाद्रीगुरूला प्रश्न करतो. आमची जुनी पुराणे तुम्ही सोडावयास लावलीत. मग त्यांच्या जागी वाचावयास दुसरी का देत नाही, असा त्या प्रश्नाचा आशय. म्हणजे मूल शिकत आहे, आणि तक्रार प्रौढाची आहे. मुलाला शाळेत जे मिळते त्याच्या तोडीचे घरातील वडीलधाऱ्यांच्या हाती काही नाही, ही ती तक्रार होय.

कॅथलिक परंपरेत आईबापच मुलांचे पहिले धर्मगुरू मानले जातात. गोव्यात आरंभीच्या काळी हा क्रम उलटा होता. ६ मे १५४२ रोजी फ्रान्सिस झेवियर गोव्यास पोचला, आणि हातात घंटा घेऊन रस्त्यातून मुले व गुलाम यांना देवळात बोलावू लागला. जुवांव द बार्रुश याने १५३९ मध्ये छापलेल्या लहानशा पुस्तिकेच्या आधारे त्याने आपली प्रश्नोत्तरी रचली. पुढे मोती काढणाऱ्या परवांच्या किनाऱ्यावरील आपल्या कामाविषयी जानेवारी १५४४ मध्ये कोचीनहून लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की, मुले प्रार्थना शिकण्यासाठी इतकी मागे लागतात की जेवणाझोपेस सवड उरत नाही. आणि शिकलेले त्यांनी घरी जाऊन आईबापांस व शेजाऱ्यांस शिकवावे, अशी आपण आज्ञा केली आहे. बाटलेल्या पहिल्या पिढीत शिक्षक मूल आणि शिष्य बाप, अशी ही योजना होती. प्रौढांच्या जिभेवर जुन्या देवांची नावे बसलेली. मुलाची जीभ कोरी. भाषाशास्त्राच्या अभ्यासकास हा हिशेब ओळखीचा वाटेल.

या योजनेला एक कठोर बाजूही होती, आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. १५५९ च्या राजाज्ञेने हिंदूंची अनाथ मुले सेंट पॉल कॉलेजच्या स्वाधीन करून त्यांस बाप्तिस्मा व शिक्षण द्यावे असे ठरले. मूळ आज्ञेत आईबाप व आजाआजी नसलेली मुले अभिप्रेत होती. प्रत्यक्ष व्यवहारात बाप मेलेला पोर, आई हयात असूनही, अनाथ धरला जाऊ लागला. अशा मुलांच्या बाबतीत आईबापांनी श्रद्धा शिकविण्याचा प्रश्नच उद्‌भवत नव्हता. गोव्यातील बालधर्मशिक्षणाचे गुणगान करणाऱ्या लेखनात या आज्ञेचा उल्लेख ओझरता येतो, हे प्रस्तुत लेखकास खटकते.

तथापि दोन पिढ्यांनंतर चित्र पालटले. ज्यांनी लहानपणी देवळात प्रार्थना घोकल्या ते आता स्वतः आईबाप झाले होते. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये रविवारी व सणांच्या दिवशी प्रत्येक धर्मग्रामात मुलांना श्रद्धेची मूलतत्त्वे आणि देवाची व आईबापांची आज्ञा पाळणे शिकवावे असा नियम केला होताच. गोव्याच्या १६०६ च्या प्रांतिक परिषदेने पुढचे पाऊल टाकले : स्थानिक भाषा न येणाऱ्या पाद्र्यास धर्मग्रामाचा कारभार देऊ नये. याच दशकांत स्टीफन्स काम करीत होता. १५७९ मध्ये तो गोव्यास आला, आणि १६१९ मध्ये वारला. ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर (राशोल) येथे रोमन लिपीत छापले गेले. १६२२ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, त्याच रायतूरच्या कॉलेजात त्याची ‘दौत्रीन क्रिश्तां’ छापली गेली. ती संवादरूपाने मांडलेली असून मुलांना शिकविण्यासाठी आहे, असे तिच्या मुखपृष्ठावरच म्हटले आहे. मार्कुश जॉर्ज याच्या पोर्तुगीज प्रश्नोत्तरीवर ती आधारलेली आहे. मारियानु साल्दाञ यांनी १९४५ मध्ये लिस्बन येथे ती पुन्हा प्रसिद्ध केली, म्हणून आज आपल्यास तिचा अभ्यास करता येतो. पुराण मराठीत, मात्र कोंकणी शब्दांचे मिश्रण असलेले, प्रश्नोत्तरी कोंकणीत. ही वाटणी योगायोगाची नसावी. पुराण हे देवळात प्रौढांनी ऐकावयाचे, आणि पुराणाची भाषा मराठी हा संकेत श्रोत्यांच्या मनात पक्का होता. मुलाला मात्र ज्या बोलीत आई हाक मारते तीच बोली हवी. (या वाटणीवरून मराठी–कोंकणी वादात कोणतीही बाजू घेण्याचा येथे हेतू नाही.)

आता शब्दांकडे वळू. गोव्याच्या ख्रिस्ती बोलीतील धर्मविषयक शब्दांत दोन थर सहज दिसतात. विधी आणि संस्था यांची नावे बहुशः पोर्तुगीज : धर्मशिकवण ती दोतोर्न, मिस्सा ती मीस, पापनिवेदन ते कुमसार, जपमाळेची प्रार्थना ती तेर्स. याउलट ज्यावर विश्वास ठेवावयाचा त्या वस्तूंची नावे देशी आहेत. जगाचा निर्माता तो रचणार. स्वर्ग तो सर्ग, नरक तो यमकोंड. पाप ते पातक. स्टीफन्स तर स्वर्गास वैकुंठ म्हणावयासही कचरत नाही. सृष्टीच्या सहा दिवसांची कथा मुलाच्या कानी पडते ती ‘रचणे’ या क्रियापदातून, म्हणजे ज्या क्रियापदाने पेंढ्यांची गंजी रचतात आणि गाणेही रचतात त्यातून. शून्यातून निर्मिती ही कल्पना या क्रियापदात मुळीच नाही. रचण्यास अगोदर सामग्री लागते. शिकविणाऱ्यास ही उणीव स्पष्टीकरणाने भरून काढावी लागली असणार, आणि चूल पेटविता पेटविता मुलाच्या प्रश्नास उत्तर देणाऱ्या आईने ती भरून काढली असेल की नाही, हे कोणी सांगावे ?

‘श्रद्धा’ या अर्थी रूढ झालेला शब्द अधिक मनोरंजक आहे : भावार्थ. श्रद्धावान तो भावार्थी. स्टीफन्सच्या आयुष्यातच, १५९९ मध्ये, एकनाथ समाधिस्थ झाले. त्यांच्या रामायणाच्या नावात हाच शब्द आहे, आणि ज्ञानेश्वरीचे एक नावही ‘भावार्थदीपिका’ आहे. भक्तिसंप्रदायाच्या परिभाषेतील शब्द पाद्र्यांनी उचलला आणि तो ख्रिस्ती घरात इतका मुरला की त्याचे मूळ विसरले गेले.

शुचितेची शिकवण ही या सर्वांत नाजूक बाब. सहावी आज्ञा मुलाला पाठ करावयास लावली जाई, पण तिचे विवरण कितपत करावे ? ट्रेंट परिषदेच्या अनुरोधाने १५६६ मध्ये निघालेल्या रोमन प्रश्नोत्तरीनेच पाद्र्यांना बजावले आहे की, या आज्ञेविषयी बोलताना सावध असावे आणि विस्तारापेक्षा संक्षेप बरा. वर्णन करण्याच्या भरात नको ती जिज्ञासा जागी होऊ नये. मग मुलाच्या मनात कल्पना रुजली कशी ? याचे उत्तर पुन्हा शब्दात सापडते. कोंकणीत शुचितेला नितळसाण म्हणतात. नितळ हा आपल्या मराठीतलाही शब्द, गाळ खाली बसलेल्या पाण्याचा. मुलाने तो विहिरीवर ऐकलेला असतो, प्रवचनात नव्हे. मरियेसाठी वापरला जाणारा आंकवार हा शब्दही तसाच ; गल्लीतल्या अविवाहित मुलीला जो लागतो तोच येथे. निषेध समजण्याच्या आधी मुलाला रूप समजते. ही युक्ती पाद्र्यांची की भाषेनेच पुढे केलेली, याचा निर्णय कठीण आहे.

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो बिनतोड आहे. हे देशी शब्द मातांनी निवडलेले नाहीत. ते ग्रंथकर्त्या पाद्र्यांनी निवडले. १६३२ मध्ये दियोगु रिबैरु याने बेल्लार्मिनच्या आधारे कोंकणीत केलेले विवरण किंवा त्याने सुधारून १६४० मध्ये प्रसिद्ध केलेले स्टीफन्सचे व्याकरण, हे सारे विद्वानांचे श्रम आहेत. मग घराचा वाटा कोणता ? माझ्या मते तो निवडीत नसून टिकण्यात आहे. २७ जून १६८४ रोजी व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने आज्ञापत्र काढून तीन वर्षांच्या आत सर्वांनी पोर्तुगीजच बोलावे, आणि पाद्री व शिक्षकांनी धर्मशिकवणही त्याच भाषेत द्यावी असे ठरविले. खेळताना आणि शिकताना मुलांच्या तोंडी पोर्तुगीज यावी, हा त्यामागील उद्देश. ज्या भाषेवाचून १६०६ मध्ये पाद्र्यास धर्मग्राम मिळत नव्हता, तीच भाषा ऐंशीहून कमी वर्षांत अडसर ठरली. १७४५ मध्ये आर्चबिशपने आणखी कडक नियम केला : पोर्तुगीज येत नसेल त्याचा विवाह लावू नये. आईबाप होण्यापूर्वीच आईबापांची भाषा बदलण्याचा हा प्रयत्न होता. हे सर्व दस्तऐवज कुन्य रिव्हार याने १८५८ मध्ये आपल्या कोंकणी भाषेच्या इतिहासात एकत्र केले. ज्यास शंका असेल त्याने तेथे पाहावे.

या आज्ञांपुढे रायतूरची ग्रंथपरंपरा खचली. ‘ख्रिस्तपुराणा’च्या तीनही छापील आवृत्त्यांची (१६१६, १६४९, १६५४) एकही प्रत आज उपलब्ध नाही, पुराण तरले ते हस्तलिखितांवर. परंतु रचणार, भावार्थ, नितळसाण हे शब्द तरले ते हस्तलिखितांवर नव्हे. सामान्य स्त्रीस वाचता येत नव्हते. संध्याकाळच्या तेर्सात ते रोज उच्चारले जात, आणि त्या वेळी घरात व्हाइसरॉयचा अंमलदार बसलेला नसे. मातांनी कागद मागे ठेवले नाहीत, त्यामुळे हे अनुमान आहे. पण शाळा, व्यासपीठ आणि विवाहनोंद ही तीनही ठिकाणे पोर्तुगीजच्या ताब्यात देण्याचा हुकूम निघाल्यावर बोलीला आश्रय उरला तो घराचाच.

त्या घरातही पोर्तुगीज अगदीच उंबऱ्याबाहेर राहिली असे नाही. तेर्स संपला की मुले एकेक करून वडीलधाऱ्यांपुढे येत आणि आशीर्वाद मागत. त्या आशीर्वादास कोंकणीत बेसांव म्हणतात, आणि बेसांव हा शब्द पोर्तुगीज आहे.