सूर्य, ख्रिस्त आणि नेपोलियन

नेपोलियन बोनापार्ट नावाचा माणूस कधी जन्मालाच आला नाही, असे कुणी म्हणाले तर शाळेतले पोरही हसेल. पण हेच 'सिद्ध' करणारी एक चिमुकली पुस्तिका १८२७ साली फ्रान्समध्ये निघाली. तिच्यामागची हकीकत मोठी मनोरंजक आहे.

शार्ल-फ्रांस्वा द्युपुई (१७४२-१८०९) हा पेशाने शिक्षक. पण नाद आकाशातल्या ताऱ्यांचा. राज्यक्रांतीच्या धामधुमीत तो लोकप्रतिनिधी झाला, आणि राजाचे शिर उडवण्याऐवजी त्याला कैदेत ठेवावे, असे मत त्याने दिले. १७९५ साली सर्व धर्मांच्या उगमावर त्याने भलामोठा ग्रंथ लिहिला. सगळे देव म्हणजे मुळात सूर्य आणि तारे, हे त्याचे सूत्र. ख्रिस्त म्हणजे सूर्य, बारा शिष्य म्हणजे बारा राशी, कुमारी माता म्हणजे कन्या रास आणि पुनरुत्थान म्हणजे वसंतात सूर्याने अंधारावर मिळवलेला जय! भाविकांच्या जिव्हारी लागावे असेच हे बोलणे होते.

याला उत्तर दिले ते झां-बाप्तिस्त पेरेस या ग्रंथपालाने, आणि तेही हसत हसत. नेपोलियनला जाऊन तेव्हा सहाच वर्षे झाली होती. पेरेस म्हणतो, नेपोलियन म्हणजे सूर्यदेव अपोलो. नावे पाहा ना! अपोलोची आई लेटो, याची लेटिझिया. तीन बहिणी म्हणजे ग्रीकांच्या तीन सौंदर्यदेवता, चार भाऊ म्हणजे चार ऋतू, बारा सेनापती म्हणजे बारा राशी. पूर्वेला उगवला, पश्चिमेच्या समुद्रात मावळला. झाला की नाही सूर्य?

मग द्युपुईचे सारेच फोल का? तसेही नाही. शुभवर्तमानांत ख्रिस्तजन्माची तारीख कुठेच नाही. रोमचा बादशहा ऑरेलियन याने २७४ साली अजिंक्य सूर्याचे मंदिर बांधले. आणि ३५४ सालच्या एका रोमन संग्रहात 'अजिंक्या'चा आणि ख्रिस्ताचा, दोघांचाही जन्मदिन २५ डिसेंबर नोंदलेला आहे. सणांची अशी सरमिसळ होतच असते. पण दिवस सूर्याचा म्हणून माणूसही सूर्य ठरत नाही. पिलाताच्या अमदानीत ख्रिस्ताला देहदंड झाला, हे टॅसिटस या ख्रिस्ती नसलेल्या रोमन इतिहासकारानेही लिहून ठेवले आहे.

साम्य दिसले की शोध सुरू करावा, निकाल देऊ नये, एवढे या वादातून घेण्यासारखे आहे. आणि वाचकहो, आणखी एक: श्रद्धेला झोंबणाऱ्या ग्रंथाला पेरेसने उत्तर दिले ते काडी लावून नव्हे, दुसरे पुस्तक लिहून.