गाईचा वाटा

गोमंतकाच्या जमिनीचा इतिहास लिहिणाऱ्यांनी भाताची रास मोजली, खंड मोजला, फोर मोजला. गवताची पेंढी मात्र फारशी कोणी मोजली नाही. वस्तुतः शेत शेतकऱ्याच्या घरी दोन वाटांनी येत असे. दाणा कणगीत जाई आणि पेंढा गोठ्यामागच्या उडवीत. पावसाळ्यात गुरे सड्यावर चरत. सडा करपला की उन्हाळा त्या उडवीवर निघे. घरच्या दुधाचा सारा संसार या दोन आधारांवर उभा होता. पेडणे आणि डिचोली या महालांत ते कसे सुटत गेले, हे पाहण्याजोगे आहे.

हे दोन्ही महाल नव्या काबिजादीतले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात डिचोली पोर्तुगीज अमलाखाली स्थिरावली आणि १७८८ साली सावंतवाडीकरांकडून पेडणे गेले. जुन्या काबिजादीत देवळांवर जो प्रसंग ओढवला तो येथे टळला; हिंदूंच्या रीतिरिवाजांची संहिताही १८५३ साली निघाली. परंतु सड्यावर गाय सोडण्याची पूर्वापार वहिवाट बहुतांशी तोंडीच राहिली. गावकारीची पडीक जमीन आफोरामेंताने देण्याची सोय कायद्यात होती. आफोरामेंत घेणाऱ्याजवळ कागद असे, गुराख्याजवळ केवळ पायवाट. या दोहोंचा तंटा लागला तर कोण हरतो, हे वकिलास विचारावयास नको.

१९६१ साली गोवा मुक्त झाला. १९६४ चा कूळ कायदा आणि त्याची १९७६ ची पाचवी दुरुस्ती यांनी कसणारा कूळ शेताचा मालक झाला. हा न्याय थोर खरा. पण तो शेताचा होता, आणि सड्याला कूळ नसते. त्याच सुमारास जया, ज्योती अशी बुटकी, अधिक पिकणारी भाते रूढ झाली. दाणा वाढला, काडी आखूडली. पुढे कापणीचे यंत्र आले आणि पेंढी बांधणारा हातही उरला नाही.

डिचोलीत खाणींनी यात भर घातली. १९५० नंतरच्या दशकात जपानच्या पोलाद कारखान्यांची मागणी वाढली व डोंगर खणले जाऊ लागले. श्री लईराईच्या शिरगावात शेतांत खाणीची माती उतरली, झरे आटले. जेथे भात नाही तेथे पेंढा कोठला? पेडण्यात मोपाच्या सड्यावर धनगरांची व आसपासच्या गावांची गुरे चरत; तेथे ११ डिसेंबर २०२२ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले.

मधल्या काळात, १९८४ साली, कुर्टी-फोंडा येथील सहकारी दूध संघ उभा राहिला. गावोगावच्या संस्थांतून दुधाला रोख पैसा मिळू लागला आणि गोठ्यात संकरित गाय आली. चारशे किलो वजनाच्या दुभत्या गाईला दिवसास सुमारे १० ते १२ किलो कोरडे खाद्य लागते. एवढे गाव पुरवू शकत नाही. म्हणून कडबा आणि पेंड घाटावरून ट्रकने येते. दुधाचा भाव संघ ठरवतो, कडब्याचा भाव घाटावरचा पाऊस ठरवतो, आणि मधला दोन गाईंचा शेतकरी हिशेब जुळेना म्हणून एके दिवशी दावे सोडतो.

गोव्याच्या मूळच्या लहान, पांढऱ्या गाईची ‘श्वेत कपिला’ या नावाने २०२० साली स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली. आपल्या सड्यावर निभावणारी ही गाय. तिचे नाव दप्तरी लागले. तिचे चरण्याचे रान लागावयाचे आहे.

गोरवांच्या पाडव्याला आपण गाईला माळ घालून ओवाळतो आणि दुसऱ्या दिवशी अभिषेकासाठी पिशवीतले दूध आणतो. १९३३ च्या माझानी कायद्याखाली देवस्थानांचा कारभार आपणा महाजनांच्याच हाती आहे, आणि पुष्कळ देवस्थानांच्या नावे पडीक जमीन आहे. तीतील एक तुकडा चाऱ्यासाठी राखावा आणि तसा ठराव वहीत लिहून ठेवावा, एवढे पुढच्या सभेत मांडावयास कोणाची परवानगी लागत नाही.